मास्तरांच्या घरातून गादी निघाली

सोमवारच्या प्रार्थनेला मी मान खाली घातली ती घातलीच. मान म्हणायला, तिच्या निमित्ताने कंबरेपासून वरचा सगळा देहच खाली गेला होता. आमच्या मुकोनोच्या शाळेत दर आठवड्याला एका शिक्षकाने प्रार्थना सांगायची असते, आणि सांगणारा ‘आमेन’ म्हणून सरळ उभा राहीपर्यंत कुणीही डोळे उघडायचे नाहीत, असा हेडमास्तरीणबाईंचा दंडक आहे. मी ‘आमेन’ म्हणालो. पोरं ‘आमेन’ म्हणाली. आणि मी सरळ होईना.

माणसाचं डोकं अशा वेळी फार वेगाने चालतं. ‘पाठ अडकली’ असं सगळ्या शाळेसमोर ओरडण्यापेक्षा प्रार्थना लांबवावी, हे मला सुचलं. मी आजारी माणसांसाठी प्रार्थना केली. शिक्षण खात्यासाठी केली. तरी पाठ सुटेना. मग मी भूगोलाचा मास्तर असल्यामुळे शेजारी देश घेतले. उत्तरेकडून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मी दक्षिण सुदान, केनिया, टांझानिया, रवांडा करत काँगोपर्यंत आलो, तेव्हा दंडाला एक हात लागला आणि हेडमास्तरीणबाई कानाशी म्हणाल्या, “लुब्वामा मास्तर, भक्ती पुरे. पहिला तास बुडाला.”

“बाई, मला उचला,” मी म्हणालो.

रसायनशास्त्राचे मास्तर आणि संगीताच्या बाई यांनी मला दोन्हीकडून धरून, काटकोनातच, ऑफिसात नेलं. पोरांचे डोळे मिटलेलेच होते असं मी अजूनही मानतो.

डॉक्टरांनी पाठीला हात लावला नाही. “झोपता कशावर?” एवढंच विचारलं.

मी सांगितलं. गादी लग्नातली. आमची सुबी आता दूरच्या शाळेत वसतिगृहात राहते, तिचं सगळं बाळपण त्या गादीने सोसलेलं. पूर्व आफ्रिकेतली खचदरी कशी झाली, दोन्ही बाजूंचे कडे उभे कसे राहिले आणि मधला भाग खाली कसा गेला, हे पोरांना नकाशा न काढता त्या गादीवरून शिकवता आलं असतं. शिकवलं नाही, कारण काही गोष्टी घरात ठेवायच्या असतात.

“कडक गादी घ्या,” डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

एक गादी विकत घ्यायची. यात लपवण्यासारखं काही नाही आणि सांगण्यासारखंही काही नाही, असं मला वाटलं होतं. पण दवाखान्यात माझ्यामागे आमच्या गल्लीच्या वळणावर टोमॅटो विकणारी नालोंगो बसली होती. जुळ्यांची आई म्हणून सगळं गाव तिला मानाने नालोंगो म्हणतं आणि तिच्यापाशी टोमॅटोखेरीज बाकीही बरंच ताजं मिळतं. मी घरी पोचायच्या आत माझी पाठ पोचली होती.

पहिला सल्ला शेजारच्या अफांदे ओक्वालिंगांचा. पोलिसातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण अजून कुणी ‘अफांदे’ म्हटलं नाही तर ते ओ देत नाहीत. कुंपणावरून वाकून ते म्हणाले, “मास्तर, गादी हीच मुळात चूक आहे. मी सबंध नोकरी फळीवर झोपलो. ही पाठ बघा.”

“आणि मी सबंध नोकरी माहेरी झोपले,” कुंपणाच्या आतून त्यांची बायको म्हणाली.

नालोंगोच्या मते वाळलेल्या गवताची गादी सगळ्यात उत्तम, फक्त उंदरांची सवय व्हावी लागते. रसायनशास्त्राचे मास्तर म्हणाले, फोमचा दर्जा बोटाने कळतो, अंगठा रुतवा आणि तो किती वेळात वर येतो ते पाहा. त्या आठवड्यात आमच्या घरी आलेल्या प्रत्येकाने आमच्या पलंगात अंगठा रुतवला. एकाचा वर आलाच नाही, स्प्रिंगसारखं काहीतरी लागलं म्हणाला. त्या गादीत स्प्रिंग नव्हती. सुबीची हरवलेली कंपासपेटी निघाली.

या सगळ्यात रोबिना, म्हणजे सुबीची आई, काहीच बोलली नाही. ती सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे. सबंध पाळी उभ्याने काढून आलेलं माणूस कमी बोलतं, असं मी समजत आलो. शनिवारी आम्ही दोघं जिंजा रस्त्यावरच्या गाद्यांच्या दुकानात गेलो.

दुकान आत कमी आणि बाहेर जास्त होतं. गाद्या सगळ्या व्हरांड्यात, रस्त्याला लागून मांडलेल्या. सादाती नावाचा विक्रेता आमच्याकडे असा धावत आला, की मला वाटलं शाळेत माझ्या हाताखालून गेला असावा. गेलाच होता.

“सर! आडवे व्हा!”

“इथे?”

“इथेच सर. उभ्याने गादी कळत नाही.”

मी टाय सरळ केला आणि आडवा झालो. आडवं होताना टाय का सरळ करावा, हे मला सांगता येणार नाही.

“मॅडम, तुम्हीही या. जोडप्याची गादी एकट्याने बघायची नसते.”

आता इथे एक खुलासा करायला हवा. मी आमच्या चर्चच्या विवाहित जोडप्यांच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. निवडून आलेला. उपाध्यक्ष मपागी यांना माझ्यापेक्षा बरीच कमी मतं पडली होती आणि ते त्यांच्या अजून लक्षात आहे. अशा पदावरचा माणूस बायकोसह हमरस्त्यावर आडवा पडला असताना त्या रस्त्यावरून कुणी जाऊ नये, एवढीच माझी अपेक्षा होती. पण राजधानीतून, कंपालाहून येणारी टॅक्सी नेमकी समोर थांबली. आमच्याकडे टॅक्सी म्हणजे चौदा माणसांची गाडी, आणि तिच्या प्रत्येक खिडकीत आमच्या शाळेचा गणवेश होता.

“गुड आफ्टरनून, सर!” सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. “गुड आफ्टरनून, मॅडम!”

मी झोपूनच हात वर केला.

“आता सर, घरी जसे झोपता तसे झोपा,” सादाती म्हणाला.

आम्ही सवयीने एकमेकांकडे पाठ केली. फुटपाथवर जमलेल्यांपैकी एक बाई हळहळली.

तिसऱ्या गादीवर रोबिना म्हणाली, “ती पलीकडची जरा मऊ दिसते. मी जरा तिच्यावर—”

“मॅडम, आधी सरांच्या पाठीचं बघू,” सादाती म्हणाला.

“हो, आधी पाठीचं,” मीही म्हणालो. डॉक्टरांचा शब्द होता. आणि मी सगळ्यात कडक गादी पसंत केली. इतकी कडक, की तिच्यावर अंगठा रुतवला तर अंगठ्याला आपली चूक कळावी.

“चालेल ना?” मी रोबिनाला विचारलं. सादाती तोवर पावती फाडत होता.

“तुमच्या पाठीला चालतेय ना? मग झालं,” ती म्हणाली आणि बूट घालायला लागली.

घोटाळा मापाचा निघाला. आमचा पलंग माझ्या काकांनी स्वतःच्या हातांनी केलेला आहे आणि काकांचे हात नेहमीपेक्षा मोठे होते. त्या रुंदीची गादी दुकानात नव्हती. कंपालाहून कापून आणावी लागणार होती. “उद्या येते सर,” सादाती म्हणाला. हा शब्द ऐकून मी सावध व्हायला हवं होतं. पण मी उत्साहात होतो. उद्या नवी येणार म्हणून आजच जुनी काढून शाळेच्या वॉचमनला द्यायची, असं ठरवलं. त्याने फार दिवसांपूर्वी मागून ठेवली होती. कंपासपेटी अजून आतच होती, त्याची कल्पना त्याला मी दिली.

मोटरसायकलवाला बोलावला. त्याने गादी गुंडाळली, रबराच्या पट्ट्यांनी मागे आडवी बांधली, आणि मी उशी घेऊन पायी मागून निघालो. उशी गादीबरोबर द्यायची होती म्हणून हातात होती. हे मी नंतर पुष्कळांना सांगितलं. कुणाला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

वळणावर नालोंगोच्या टोमॅटोंपाशी आमच्या वस्तीचे चेअरमन ब्बोसा बसले होते. त्यांनी हात आडवा केला.

“घरसामान वस्तीबाहेर जातंय. माझी चिठ्ठी आहे?”

“चेअरमनसाहेब, घरसामान नाही हो. गादी आहे. मुक्काम सोडून जाणाऱ्यांसाठी आहे तो नियम.”

“नियमात ‘घरसामान’ लिहिलंय. गादी घरातली आहे की रानातली?” त्यांनी गादीभोवती एक चक्कर मारली. “पलंग मागे राहिला?”

“मागे.”

“बाई?”

“बाईपण मागेच.”

“म्हणजे तुम्ही, गादी आणि उशी.” त्यांनी नालोंगोकडे पाहिलं. नालोंगोने टोमॅटोंकडे पाहिलं. “मास्तर, घरी सगळं ठीक आहे ना?”

“उत्तम आहे.”

“असंच म्हणतात सगळे,” चेअरमन म्हणाले आणि चिठ्ठी लिहायला बसले. लिहून झाल्यावर चारचौघांत मोठ्याने वाचायची त्यांना सवय आहे. ‘श्री. लुब्वामा आणि त्यांची गादी हे दोघे राजीखुशीने जात असून वस्तीची कोणतीही हरकत नाही.’ मी म्हणालो, “मी जात नाहीये, फक्त गादी जातेय.” ते म्हणाले, “मग तुम्ही का निघालात?” याला माझ्याकडे उत्तर होतं, पण उशी हातात असताना ते पटेना.

चिठ्ठीवर शिक्का लागतो. शिक्का सेक्रेटरींकडे असतो आणि सेक्रेटरी पलीकडच्या टेकडीवर मयताला गेले होते. मोटरसायकलवाल्याने वाट बघायला नकार दिला, गादी सोडून नालोंगोच्या फळ्यांना टेकवून उभी केली आणि निघून गेला. तिथे ती उरलेली दुपार सबंध वस्तीच्या देखत उभी होती. गुंडाळून ठेवलेली गादी पट्ट्या सोडल्या की उघडते. वीसेक वर्षांच्या संसाराचे सगळे डाग, चहाचे, रश्श्याचे आणि सुबीचे, उन्हात उघडे पडले. येणारा-जाणारा थांबायचा, डाग बघायचा, मला बघायचा आणि फार हळू आवाजात नमस्कार करायचा.

संध्याकाळी गादी गेली. त्याच संध्याकाळी, आणि यात कुणाचाच काही डाव नव्हता, रोबिनाची रात्रपाळी सुरू झाली आणि ती हातात पिशवी घेऊन त्याच वळणावरून पायी गेली.

‘उद्या’ आली नाही. परवाही आली नाही. रोबिना पाळीवरून येऊन सुबीच्या अरुंद पलंगावर झोपायची, मी बाहेरच्या खोलीत चटईवर. आमचा पलंग नुसत्या फळ्यांनिशी आत उभा. अफांदे एकदा आत डोकावून फळ्यांकडे कौतुकाने पाहून गेले आणि बाहेर जाऊन त्यांनी काय सांगितलं कोण जाणे.

बुधवारी मात्र ते खास येऊन बसले. बराच वेळ गुडघे चोळले. “मास्तर, आमची दोनदा गेली होती. दोनदा परत आली. पहिल्या आठवड्यात फोन करायचा नाही, एवढंच पाळा.”

“कुणाला फोन?”

“शाब्बास,” अफांदे म्हणाले. “अगदी असंच करायचं.”

त्याच दिवशी आमच्या चर्चचे धर्मगुरू कॅनन सेन्योंजो यांचा चहाला निरोप आला. येत्या रविवारी चर्चमध्ये जोडप्यांचा दिवस होता आणि मुख्य भाषण अध्यक्ष म्हणून माझं होतं. तेच विचारायचं असेल म्हणून मी टिपणं घेऊन गेलो. कॅनन अतिशय मृदू माणूस. त्यांनी दार लावलं, चहा ओतला, आणि माझ्या हातावर हात ठेवला.

“केव्हापासून चाललंय हे?”

मला वाटलं, पाठीचं विचारतात. “त्रास जुना आहे, कॅनन. पण गेल्या शनिवारी मी निकालच लावला.”

“आणि रोबिना?”

“ती सध्या सुबीच्या खोलीत झोपते.”

त्यांनी डोळे मिटले. “लोक म्हणतात, नवी येणार आहे.”

“आज-उद्या येईलच. कंपालाहून.”

“कंपालाहून,” कॅनन म्हणाले.

“जरा कडक आहे. पण मला कडकच हवी होती. डॉक्टरांनीच सांगितलं.”

“डॉक्टरांनी!” कॅनननी कप बशीत ठेवून दिला. “रोबिनाला माहीत आहे हे?”

“तिच्यासमोरच पसंत केली. दोघांनी मिळून पाहिली. भर रस्त्यात आडवं होऊन.”

कॅनननी चहात आणखी एक चमचा साखर घातली. मग फार क्षीण आवाजात म्हणाले, “अहो, पण जुनीचा काही विचार?”

“जुनी फार बसली होती हो मध्ये. पार कामातून गेली होती. दिली शाळेच्या वॉचमनला.”

कॅनन उठून खिडकीशी गेले. पाठमोरेच म्हणाले, “मास्तर, रविवारी तुम्ही विश्रांती घ्या. भाषण मपागी करतील.”

मी टिपणं घेऊन परत आलो. मपागी! ज्या माणसाला आपल्या लग्नाचा वाढदिवस बायकोने आठवण करून दिल्यावर आठवतो तो माणूस! अर्ध्या वाटेत मला उमगलं, की त्या सबंध बोलण्यात मी ‘गादी’ हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. परत पळत जायला हवं होतं. पाठ पळू देईना. दुसऱ्या दिवशी सकाळी समजावून सांगू म्हणालो.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी कॅननच्या निरोपावरून सेंगा आली.

सेंगा म्हणजे रोबिनाची आत्या, फेलेस्ता. आमच्यात लग्नाआधी मुलीला शिकवते आत्या आणि लग्नानंतर जावयाला सरळ करते तीही आत्याच. केळ्यांचा एक आख्खा घड डोक्यावर, बगलेत कोंबडा, आणि मागे मोटरसायकलवाला भाडं मागत. तिने घड ओट्यावर ठेवला, माझ्या नमस्काराकडे पाहिलं नाही, आणि थेट झोपायच्या खोलीत गेली.

आतून फळ्यांवर बोटं वाजवल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली.

“फळ्या,” ती म्हणाली. “माझ्या भाचीला फळ्यांवर आणलंस.”

“सेंगा, गादी येतेय—”

“तू बोलायचं नाहीस. रोबिना, बस इथे. माझ्याजवळ. याला तिकडे बसू दे.”

रोबिना पाळीवरून नुकतीच आली होती, गणवेशसुद्धा उतरवला नव्हता. तिने सगळं दोन वाक्यांत सांगितलं. गादी जुनी झाली, नवी सांगितली, ती अडकली. एवढंच. सेंगाचा चेहरा पडला. एवढ्या लांबून घड आणि कोंबडा घेऊन आलेल्या माणसाचा चेहरा पडणारच.

“म्हणजे भांडण नाही?”

“नाही, आत्या.”

“हात उगारला?”

“छे.”

“दुसरी कुणी?”

“यांना?” रोबिना म्हणाली, आणि हसली. ते हसू मला जरा जास्त लांबल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. नवी गादी आली होती. सादातीने ती मोटरसायकलवर आडवी बांधून पाठवली होती, वाटेत वाऱ्याने तिला शिडासारखं धरलं आणि चालक, गाडी, गादी असं सगळं मिळून अफांदेंच्या कुंपणात शिरलं होतं. कुणाला लागलं नाही. अफांदेंनी आत पडलेल्या गादीवर मूठ आपटली आणि प्रथमच माझ्याकडे आदराने पाहिलं. “मास्तर, ही जवळजवळ फळीच आहे.”

आम्ही ती पलंगावर घातली. प्लॅस्टिक सेंगाने दातांनी फाडलं. मी आडवा झालो, आणि खरं सांगतो, पाठीला जे सुख झालं ते वर्णन करण्यासारखं होतं. केलंही मी. बरंच केलं. मग सेंगा म्हणाली, “रोबिना, तू नीज बघू.”

रोबिना नेहमीसारखी कुशीवर झाली. थोडा वेळ पडून राहिली. मग उठून बसली आणि खांद्याला हात लावला.

“काय झालं?” सेंगाने विचारलं.

“काही नाही.”

“मी कोंबडा घेऊन आलेय,” सेंगा म्हणाली. “‘काही नाही’ ऐकायला नाही आले.”

रोबिना गादीकडे बघत राहिली. “आत्या, मी कुशीवर झोपते. दिवसभर बायांना उचलून बसवते, खांदा नि कंबर ठणकत असते. ही लागते मला. जुनीपण लागायची. दुकानात एक मऊ होती, मी म्हणतच होते…” ती थांबली. “यांची पाठ अडकली तर शाळेला कळलं, शेजाऱ्यांना कळलं, चेअरमनना कळलं. बरोबर आहे, दुखतच होती पाठ. पण माझं काय दुखतं, हे मला कुणी विचारलंच नाही.”

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. कपडे बदलायला सुबीच्या खोलीत गेली.

मी मंडळात किती भाषणं केली आहेत! जोडीदाराचं ऐकावं कसं, या विषयावर तर माझी टिपणं इतर चर्चांनी मागवून नेली आहेत. सेंगा काहीतरी कडक बोलेल म्हणून मी मान खाली घालून वाट पाहिली. तिने नुसता कोंबडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “जा, काप. आज स्वयंपाक तू कर.”

केला. घडातली केळी उकडून केलेले मटोके कच्चे राहिले आणि शेंगदाण्याचा रस्सा खाली लागला. सेंगाने दोनदा वाढून घेतलं, केवळ मला पुन्हा पुन्हा उठवण्यासाठी.

रात्री सेंगा नव्या गादीवर झोपली आणि सकाळी तिने जाहीर केलं, की अशी गादी तिच्या हाडांना जन्मात मिळाली नव्हती, सबब ती तिच्याबरोबर जाईल. आत्या विनाकारण धावून आली तर तिला काही द्यावं लागतं, तसा रिवाज आहे म्हणे. हा रिवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, पण त्या सकाळी मी कुठलाही रिवाज मान्य केला असता. गादी टॅक्सीच्या टपावर चढली. चेअरमन ब्बोसांनी शिक्का मारलेली चिठ्ठी न मागता आणून दिली. “आता ही दुसरी,” ते नालोंगोला म्हणाले. मी पुन्हा वळणावर उभा होतो आणि ऐकू येत होतं.

कॅननना मी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आधी सुटकेचा श्वास टाकला आणि मग इतके हसले, की त्यांनाच पाठ धरावी लागली. पण मपागींना सांगून झालं होतं. मपागींनी नवा सूट शिवायला टाकला होता. “रविवारचं तसंच राहू द्या,” मी म्हणालो. कॅननना आश्चर्य वाटलं. मलाही वाटलं.

शनिवारी दुपारी मी दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. रोबिना बाहेर आली. रात्री दोन बाळंतपणं झाली होती, सकाळी एक, आणि बदली नर्स उशिरा आली होती. मला पाहून ती दचकली.

“काय झालं? सुबी—”

“सुबी बरी आहे. चल, दुकानात जायचंय.”

“आज? सुबीचे बाबा, मी उभ्याने झोपेन आता.”

“उभ्याने गादी कळत नाही,” मी म्हणालो.

सादाती धावत आला. गादी कुंपणात शिरल्याचं त्याला कळलेलं होतं आणि त्याने बचावाची सगळी तयारी केली होती. मी काहीच बोललो नाही, तेव्हा तो जास्त घाबरला.

“या सर, आडवे व्हा.”

“मी नाही,” मी म्हणालो. “त्या.”

मी रोबिनाची पर्स धरली. तिने बूट काढले, एकाशेजारी एक नीट ठेवले, आणि पहिल्या गादीवर कुशीवर झाली. उठली. मान हलवली. दुसरीवर झाली. सादाती फोमबद्दल सांगायला लागला तेव्हा मी त्याला वर्गात बघायचो तसं बघितलं. त्याने हात मागे बांधले. तिसरीला ती म्हणाली, “ही बरी आहे, पण खांदा…” आणि माझ्याकडे बघून थांबली. “खांद्याचं काय?” मी विचारलं. तिने सांगितलं. खांदा कुठे टेकतो, कुठली शीर आखडते, हात कसा बधिर होतो. वॉर्डातल्या कुठल्या खाटा उचलताना होतं. कधीपासून होतं, तेही सांगितलं. बरंच आधीपासून होत होतं.

चौथीवर ती झाली आणि हात गालाखाली घेतला.

“मॅडम, दुसऱ्या कुशीवर?” सादातीने विचारलं.

“हं,” ती म्हणाली. पण वळली नाही.

“मॅडम?”

ती झोपली होती. पापण्या पडलेल्या, तोंड किंचित उघडं, आणि गणवेशावरचं घड्याळ श्वासाबरोबर वर-खाली होत होतं. सादातीने हात पुढे केला, तो मी मधेच धरला.

ऊन सरकत व्हरांड्यात आलं. ते तिच्या तोंडावर पडायला लागलं तेव्हा मी दुकानातून छत्री मागून घेतली आणि रस्त्याच्या बाजूने धरून उभा राहिलो. टॅक्स्या थांबत होत्या, सुटत होत्या. एकीतून कुणीतरी ‘गुड आफ्टरनून’ म्हणायला तोंड उघडलं, पण माझं बोट ओठांवर बघून सबंध गाडी कुजबुजत गेली. मपागी शिंप्याकडून नवा सूट घेऊन जात होते, ते समोर येऊन उभे राहिले. छत्रीकडे पाहिलं, पर्सकडे पाहिलं, रोबिनाच्या मोज्यांकडे पाहिलं.

“मास्तर! भर रस्त्यात? हे शोभतं का?”

“हळू,” मी म्हणालो. “झोपलीय ती.”

ते आणखी काही बोलणार होते. पण मी छत्री दुसऱ्या हातात घेतली, आणि त्यांना बाजूला व्हावं लागलं.

संध्याकाळ झाली. सादातीला दुकान बंद करायचं होतं. त्याने चपला काढल्या आणि अनवाणी, आवाज न करता, एकेक गादी आत नेली. तिच्या डावीकडची नेली, उजवीकडची नेली, मागच्या सगळ्या नेल्या. व्हरांड्यात एकच गादी राहिली. मग तो माझ्याजवळ आला आणि कानाशी म्हणाला, “सर, मग हीच बांधायची ना?”

“मला काय विचारतोस?” मी म्हणालो. “ती उठली की तिला विचारू.”